तिच्या नावावर पळालेली शर्यत

जवळ ये. आणखी जवळ. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, तू समोर बसली आहेस असं धरूनच लिहितेय, तेव्हा नीट मांडी घाल आणि तो मोबाईल पालथा ठेव. गेल्या रविवारी आलीस ती वाऱ्यासारखी. चपलासुद्धा काढल्या नाहीस. चहा निम्मा टाकलास. जुळे सोलापुरातून माझ्या घरी स्कूटीवर यायला पंधरा मिनिटं लागत नाहीत, आणि तुला तीन महिने लागतात. बरं, आलीस तर सांगितलंस काय? आईनं तुझा जन्माचा दाखला नवा काढलाय. त्यात तू दोन वर्षांनी लहान झालीस. सोळाची चौदा. आता लहान गटात पळणार आणि पहिली येणार. मी हातातला कप खाली ठेवला तर तू हसलीस. म्हणालीस, "आज्जी, सगळेच करतात गं."

तेव्हा सांगायचं ते राहून गेलं. ते आता लिहिते. तुझ्या आईलाही मी हे पुरतं सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित तिनं दाखला काढला नसता. ती चूक माझी.

तर ऐक.

मैदान. संध्याकाळ. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जिल्ह्यातल्या शाळांच्या स्पर्धा संपल्या होत्या. मांडवात टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर कप. कर्ण्यातून आवाज आला, आठशे मीटर, मुली, पहिला क्रमांक. आणि नाव घेतलं. माझं नाही. माझ्या शाळेतल्या मंजिरीचं.

मंजिरी उठली. पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढरे मोजे, दोन वेण्यांना निळ्या रिबिनी. पोटऱ्यांना काळी माती लागलेली. ती माती मी लावली होती. शर्यत संपल्यावर आमचे खेळाचे सर म्हणाले होते, "तिच्या पायांना जरा माती चोळ, फारच स्वच्छ दिसतात." मी तिच्या पायाशी बसून चोळली. मग तिच्या तोंडावर पाणी शिंपडलं, घाम दिसावा म्हणून.

पळाले होते मी. अनवाणी. मैदानाच्या दोन फेऱ्या. माझी छाती अजून भात्यासारखी चालली होती.

टाळ्या वाजल्या. मंजिरीनं कप घेतला. फोटोवाल्यानं फोटो काढला. मी मांडवाच्या दोरीला टेकून उभी, हातात तिची पाण्याची बाटली, खांद्यावर तिचा स्वेटर. पाहुण्यांबरोबर एक बाई आल्या होत्या. माझ्याकडं बघून त्यांनी सरांना विचारलं, "ही मुलगी एवढी धापा का टाकतेय?"

सर हसले. "ती होय? ती आमची सामान धरणारी."

एवढंच. पुढं ते दुसरंच काही बोलायला लागले. बाईंनी माझ्याकडं परत बघितलंही नाही.

आता तू म्हणशील, आज्जी, तू असं करायला तयारच कशी झालीस? थांब की. तेच सांगते.

आमचं घर वस्तीत. त्या वस्तीचं नाव सांगितलं की पुढचा माणूस आडनाव विचारायचा थांबायचा. त्याला समजायचं. वडील बाजारात हमाली करायचे, आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि सकाळपासून आईची बोटं चालू. दिवसभराच्या बिड्या पाटीत भरून चार वाजायच्या आत कारखान्याच्या खिडकीत पोचवाव्या लागायच्या. खिडकी बंद झाली की दिवस वाया. ते काम माझं. शाळा सुटली की दप्तर टाकायचं, पाटी डोक्यावर घ्यायची आणि पळायचं. पण नुसतं पळून भागायचं नाही. धक्का लागून बिडी मोडली, सुटली, तर चेकर ती छाट म्हणून बाजूला फेकायचा, आणि आई संध्याकाळभर बोलायची नाही. म्हणून मी असं पळायला शिकले की खाली पाय वाऱ्यासारखे चाललेत आणि वर मान, खांदे, पाटी, काही हलत नाही. कुणी शिकवलं नाही. छाटीच्या भीतीनं शिकले.

एकदा सायकलवरून जाताना सरांनी बघितलं. मोठ्या शाळेचे खेळाचे सर. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले. म्हणजे दारापर्यंत आले, आत आले नाहीत, सायकल धरूनच उभे राहिले. आईला म्हणाले, "मुलीला आमच्या शाळेत घाला. फी माफ करून देतो. पळताना हिचं डोकं हलत नाही." आईला त्या शेवटच्या वाक्यात काय मोठेपणा आहे ते समजलं नाही. फी माफ तेवढं समजलं.

आठवीत मी शाळेतल्या शाळेत दोन शर्यती माझ्या नावानं जिंकले. बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला. तो अजून आहे माझ्याकडं, गेल्या रविवारी तू त्यातूनच पाणी प्यालीस. नववीत सरांनी मला एकटीला बोलावलं. मंजिरीचे वडील वकील, शाळेच्या कमिटीवर. सर म्हणाले, "मंजिरीला डॉक्टर व्हायचंय. खेळाचं प्रमाणपत्र असलं तर प्रवेशाला उपयोग होतो. तुला त्याचा काय उपयोग?"

उत्तराची वाट न बघता तेच पुढं म्हणाले,

"फॉर्म तिच्या नावाचा भरू. पळायचं तू. तुझी फी कुणामुळं माफ आहे, ते आईला विचार."

फॉर्मवर फोटो लागत नव्हते तेव्हा. छातीवर नंबरचं फडकं, चार पिना, झालं. पंच सरांच्या ओळखीचे. कोण बघणार?

घरी येऊन मी आईला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. आईनं सुपातून मानसुद्धा वर केली नाही.

"मग त्यात काय झालं? माज्या बिड्या कुनाच्या कार्डावर जात्यात?"

तिचं खरं होतं. आईला कारखान्याचं कार्डच नव्हतं. खिडकीतला माणूस द्यायचाच नाही. मग आई वळायची आणि बिड्या माझ्या काकूच्या कार्डावर जमा व्हायच्या. वस्तीतल्या निम्म्या बायकांचं असंच. एक कार्ड आणि त्यामागं तीन-तीन बायकांचे हात. हात कुणाचे हे कुणी विचारायचं नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटायचंही नाही. आई म्हणाली, "बिडी वळली का न्हाय ते बगत्यात. कुनी वळली ते कोन बगतंय? तू पळ की. साळा तरी हुईल."

म्हणून मी तयार झाले. मला त्यात चोरी दिसलीच नाही. आमच्या घरात काम असंच व्हायचं, दुसऱ्याच्या नावावर. मला वाटलं, शर्यतसुद्धा तशीच असते.

पण बिडीवर कुणी टाळ्या वाजवत नाही गं. तिथं फरक पडला.

मी जळायला लागले. मंजिरीच्या बुटांवर जळले, ते तर झालंच. तिच्या मोज्यांवर जळले. तिच्या डब्यातल्या तूप लावलेल्या पोळीवर, तिच्या घामाला वास येत नव्हता त्यावर, तिचे बाबा तिला "मंजू" म्हणून हाक मारायचे त्यावर. शाळेच्या व्हरांड्यात काचेचं कपाट होतं. त्यात कप ठेवला, आणि कपामागं फोटो. मंजिरी, पोटऱ्यांना माती. मी त्या कपाटासमोरून दिवसातून चारदा जायची. मुद्दाम लांबच्या जिन्यानं जायची, ते कपाट वाटेत लागावं म्हणून. फोटोतली माती बघायची. ती तेवढी माझी होती.

मंजिरी वाईट होती असं नाही. तेच तर अवघड होतं. ती माझ्याशी गोड बोलायची. पेन्सिल द्यायची. वाईट असती तर जळणं सोपं गेलं असतं.

एक दिवस मधल्या सुट्टीत ती नळापाशी माझ्याजवळ आली. "ए, एक विचारू? पळताना कसं वाटतं गं? मला शनिवारी प्रार्थनेनंतर चार शब्द बोलायचेत. बाई म्हणाल्या, अनुभव सांग."

आणि मी काय केलं असेल? सांगितलं. सगळं सांगितलं. आजवर कुणी मला ते विचारलंच नव्हतं. सरांनी नाही, आईनं नाही. कुणीतरी विचारतंय याच्याच आनंदात मी सांगत सुटले. सांगितलं की पहिल्या फेरीत जग दिसतं, माणसं, झेंडे, फक्कीच्या रेषा. दुसऱ्या फेरीत काहीच दिसत नाही. शेवटच्या वळणावर सगळा कालवा एकदम बंद होतो. कुणीतरी दार लोटल्यासारखा. आणि त्या शांततेत आपल्याला लहानपणापासून ओळखीचा असलेला एकच आवाज ऐकू येतो. मला आईचं सूप ऐकू येतं. पानं सुपात पडताना होतो तो, सर सर सर. त्या आवाजावर मी पाय टाकते.

मंजिरी म्हणाली, "किती छान सांगतेस गं."

शनिवारी सगळी शाळा मैदानात रांगेत बसलेली. मंजिरी व्यासपीठावर. वहीत बघून बोलायला लागली. पहिल्या फेरीत जग दिसतं. दुसऱ्या फेरीत काही दिसत नाही. शेवटच्या वळणावर कुणी दार लोटल्यासारखा कोलाहल थांबतो. मी खाली बसून ऐकतेय. माझे शब्द, नुसते इस्त्री केलेले. मग ती म्हणाली, "आणि त्या शांततेत मला माझ्या आईचा तानपुरा ऐकू येतो."

सुपाच्या जागी तानपुरा.

सगळी शाळा टाळ्या वाजवायला लागली. मुख्याध्यापक बाईंनी डोळे पुसले. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "वाजव की गं टाळ्या." मी वाजवल्या. ते मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. कप गेला तेव्हा मी एवढी पेटले नव्हते. कप धातूचा. पण सूप माझ्या आईचं होतं. माझ्या आईला तिनं एका वाक्यात पुसून टाकलं, आणि त्या जागी तिची आई बसवली. मनात एकच बसलं. आता हिला माझं काही मिळणार नाही. पायसुद्धा नाही.

महिन्याभरानं विभागाच्या स्पर्धा होत्या, त्या वर्षी आपल्याच गावात. सहा मुली. मला सव्वीस नंबर. सरांनी स्वतः पिना लावल्या. मंजिरी मांडवात आई-वडिलांशेजारी बसलेली, तिची पोटरी या वेळी तिनं आधीच मळवून ठेवली होती. रेषेवर उभं राहिलो. बाहेरगावचा एक पंच हातात फळी घेऊन नंबर आणि नाव वाचत होता. जिचं नाव तिनं हजर म्हणायचं.

"सव्वीस." आणि त्यानं मंजिरीचं नाव घेतलं.

मी म्हणाले, "ती तिथं बसली आहे."

पंचानं वर बघितलं. "काय?"

"मंजिरी तिथं बसली आहे. निळ्या रिबिनीची. मागच्या वेळीही तीच बसली होती. पळाले होते मी." आणि मी माझं नाव सांगितलं. माझं, मग वडिलांचं, मग आडनाव. पूर्ण. मोठ्यानं. शाळेबाहेरच्या मैदानावर ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पंचानं यादी वरून खाली बघितली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "हे नाव यादीत नाही."

"मग मला पळता येणार नाही?"

"नाही."

सर धावत आले. माझा दंड धरला. दात खाऊन म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं? उभी राहा गप." मी एकेक पिन काढली. चारी. फडकं त्यांच्या हातात दिलं आणि फक्कीची रेषा ओलांडून बाहेर आले.

शर्यत झाली. पाच मुली पळाल्या. मी कडेला उभी राहून बघितली. पहिली आली ती दुसऱ्या जिल्ह्यातली कुणी होती, पळताना तिचं डोकं हलत होतं. मी तिला पाठीमागं टाकलं असतं. तिच्यावर जळले मी. मग शेवटची मुलगी आली, सगळ्यात शेवटची, बेंबीपासून धापा टाकत, आणि तिच्या मास्तरांनी तिला तिच्या नावानं हाक मारली. तिच्यावर सगळ्यात जास्त जळले. शेवटची का होईना, तिची ती आली होती.

आणि एक ऐकून ठेव. मी हे सत्यासाठी केलं असं कुणाला सांगू नकोस. जळून केलं. जळणं वाईट, असं लोक सांगतात. सांगू देत. माझ्याकडं दुसरं काही नव्हतंच. तेच होतं, आणि त्यानंच माझं तोंड उघडलं.

तिसऱ्या दिवशी आईला शाळेत बोलावलं. मुख्याध्यापक बाई, सर, वकीलसाहेब. टेबलावर कागद तयार. सरांनी सांगितलं की मंजिरीला ताप होता, ती पळणार नव्हती, तेवढ्यात मी तिचा नंबर चोरून रेषेवर जाऊन उभी राहिले. बघ कसं असतं. मी खोटं पळत होते तेव्हा सगळं नियमात होतं. खरं बोलले आणि चोर झाले. वकीलसाहेब आईला शांतपणे म्हणाले, "इथं अंगठा लावा, बाई. प्रकरण मिटेल. मुलगी दहावी होईल."

आईनं मला विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. माझ्या मुलीने दुसऱ्या मुलीचा क्रमांक चोरला, याबद्दल मी क्षमा मागते.

आई आपल्या अंगठ्याकडं बघत राहिली. तंबाखूनं काळाकुट्ट झालेला अंगठा, त्याला शाई लावायची गरज नव्हती. मग पदरानं तो पुसला. नीट, दोनदा. म्हणाली, "माज्या हातानं केलेलं लई जनांच्या नावावर गेलं. मी कदी काय म्हनले न्हाय. पर तुमी केलेलं माज्या पोरीच्या नावावर? न्हाय जमायचं."

उठली. मला म्हणाली, "चल."

व्हरांड्यातून जाताना तिनं ते कपाट बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. "ह्यो तुजा व्हय?" म्हणाली. मी व्हय म्हणाले. तिनं काचेवर तोच अंगठा टेकवला. एवढा पुसूनही काळा ठसा उठला. आणि आम्ही बाहेर पडलो.

शाळा संपली माझी. सूप घेतलं मांडीवर. पुढचं वाचन बिड्या वळता वळता, पुस्तक गुडघ्याखाली दाबून. म्हणून हे लिहिणं असं वेडंवाकडं. आई दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या खिडकीत गेली आणि स्वतःच्या नावाचं कार्ड द्या म्हणून बसली. दिलं नाही. आपल्या कार्डावरचं काम जाईल म्हणून काकू भांडली, घर फुटायची वेळ आली. आईला कार्ड मिळालं नाहीच, मरेपर्यंत नाही. मला मिळालं, वस्तीतल्या बायकांबरोबर कारखान्याच्या दाराशी बसून बसून मिळालं. त्यावर पहिल्यांदा माझं नाव वाचलं तेव्हा मैदान आठवलं. बरं वाटलं का? नाही. मला शर्यत पाहिजे होती. कार्ड म्हणजे शर्यत नव्हे.

मंजिरी डॉक्टर झाली. मागं एकदा एस.टी. स्टँडवर दिसली. गुडघे गेलेत, काठी घेऊन चालत होती. तिनं मला ओळखलं, आधी माझ्या पायांकडं बघितलं. आणि मला आनंद झाला. लपवत नाही तुझ्यापासून. एवढी वर्षं झाली, अजून जळतेच मी.

आता तुझं. तुझ्या दाखल्यावर दोन वर्षं कमी झाली, ती कुठं गेली माहीत आहे तुला? ती कुणाच्या तरी अंगावर गेली. मंगळवेढ्याकडच्या एखाद्या खेड्यातून खरी चौदाची पोरगी पहाटेच्या एस.टी.नं येईल. ती जीव तोडून पळेल आणि तुझ्या मागं दुसरी येईल. मग घरी जाताना खिडकीत बसून जळेल, आणि कुणावर जळायचं ते तिला समजणारही नाही. मला निदान माहीत होतं. "सगळेच करतात" म्हणालीस ना? माझी आईसुद्धा तेच म्हणाली होती, आणि तिच्याकडं कारण होतं. तुझ्याकडं बूट आहेत.

स्पर्धा येत्या महिन्यात आहेत, मैदान तेच. मी येणार आहे. नवीन लुगडं नेसून येणार, पहिल्या रांगेत बसणार. आणि तू त्या दाखल्यावर रेषेवर उभी राहिलीस तर मी उठून पंचाकडं जाईन आणि तुझं खरं वय सांगेन. तुझ्या आईसमोर. तू माझी नात आहेस हेही सांगेन. तू रडलीस तरी सांगेन, आयुष्यभर बोलली नाहीस तरी सांगेन. तेव्हा एकदा टाळ्या वाजवल्या, आता नाही वाजवणार.

म्हणून त्याच्या आत ये. लवकर ये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून ठेवते, चहा पुरता पी, चपला काढ. येताना तो फॉर्म घेऊन ये, कोरा. आपण दोघी बसून खऱ्या वयाचा भरू.